खांडीवर न बोलायचा शब्द

पुंडलिकच्या गावात एक रीत होती आणि ती मोडलेली कुणी पाहिली नव्हती. खाडीच्या बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडून भरतीचं पाणी आत घुसायला लागलं, की सगळा गाव पेंढा, चिखल, दगड, जे हाती लागेल ते घेऊन धावायचा. बाया, म्हातारे, कालपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊभाऊ, सगळे एका रांगेत. त्या रांगेत उभं राहून वाट्टेल ते बोला. शिव्या द्या, सासूचा उद्धार करा, देवालाही चार शब्द सुनवा. पण ‘गेली’, ‘गेलं’ म्हणायचं नाही. बांध डोळ्यांदेखत वाहून चालला असला तरी नाही. एकाच्या तोंडून तो शब्द निघाला की दहा जणांचे हात गळतात, असं जुनी माणसं सांगायची.

पुंडलिकने तो शब्द उभ्या जन्मात उच्चारला नव्हता. मिठागर गेलं तेव्हाही नाही. श्रावणातल्या अमावास्येचं उधाण होतं, वारा खाडीकडून होता, आणि उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, बाजूलाच खांड पडली. गाव दुपारभर लढला. ओहोटीला खांड बुजवली, पुढच्या भरतीला ती परत फुटली, आधीपेक्षा दुप्पट. मालक मुंबईचे. त्यांनी येऊन पाहिलं, मान हलवली आणि ते पुन्हा काही फिरकले नाहीत. मग खाडीने काय घ्यायचं ते घेतलं. वाफ्यांवर गाळ बसला, गाळात खारफुटीची तिवरं उगवली. पुंडलिकच्या बापाने, आज्याने पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत केलेली जमीन ओळखू येईना. कुणी विचारलंच तर पुंडलिक म्हणायचा, “बांध जरा नादुरुस्त हाय.” जरा! तिथे बगळ्यांच्या दोन-चार पिढ्या वाढल्या होत्या आणि ह्याचा बांध अजून जरा नादुरुस्तच.

निकेश त्याचा एकुलता एक मुलगा. आई लवकर वारली, बापानेच वाढवला. शाळा, मग पेणला आय.टी.आय., मग रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टची नोकरी. कासूला गाडीत बसायचं, नागोठणे, निडी, रोहा. जाताना झोप, येताना झोप, असं सगळेच करतात. निकेशला मात्र एक वेड होतं. कंपनीतल्या एका साहेबाने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना ह्याला दिला होता. त्याचं झाकण बिजागरीत सैल झालेलं. जरा मागेपुढे झालं की पडद्यावरचं चित्र जायचं आणि आवाज तेवढा चालू राहायचा. निकेश त्याला एका कोनात धरून, जुन्या गाईला चुचकारावं तसं चुचकारत काम करायचा. काम म्हणजे कोड लिहिणं. कुणी शिकवलं नव्हतं, इंटरनेटवर बघून बघून हा पठ्ठ्या शिकला.

दोन गोष्टींचा नाद होता त्याला. एक होतं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर. त्यात माऊसने चित्र काढायचं नसतं, सगळं लिहून सांगायचं. एवढा लांब ठोकळा घे, त्यातून एवढी नळी वजा कर, हे त्याला जोड. मग वस्तू पडद्यावर उभी राहते, आणि छपाईचं यंत्र असेल तर प्लॅस्टिकची होऊन हातात येते. तसं यंत्र पेणला मिथुनकडे होतं. मिथुन त्याचा आय.टी.आय.पासूनचा दोस्त, गणपतीच्या मुकुटांचे नि दागिन्यांचे साचे करायचा. “निक्या, हे शीक, तुला बसून काम देतो,” म्हणून तो कधीचा मागे लागला होता.

दुसरं होतं जुन्या पद्धतीचे व्हिडिओ गेम बनवायचं सॉफ्टवेअर. लहानपणी टीव्हीला कॅसेट लावून खेळायचो ना, तसले. इवलासा पडदा, सोळाच रंग, टिंगटिंग आवाज. माणूस काढायचा तर आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच, तेवढ्यातच त्याचं नाक, डोळे आणि नशीब बसवायचं. निकेशचा जीव खरा ह्यात होता. मॉडेल शहाण्यांनी करावं, गेम वेड्यांनी, असं मिथुन म्हणायचा. निकेश दोन्हींत थोडं थोडं करायचा आणि कशातच धड काही पुरं करायचा नाही.

त्या वर्षी गुढीपाडव्याच्या आधी पुंडलिकला पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, आणि फार पुढे गेलेला. ह्यात नजर कडेकडेने जाते, मधलं थोडं उरतं, म्हणून माणसाला लवकर कळतच नाही. “जे गेलं ते परत येणार नाही,” बाई निकेशला बाजूला घेऊन म्हणाल्या. “आहे ते औषधाने टिकेल तेवढं टिकेल. त्यांना काही बघायचं असेल तर आताच दाखवा.”

परत येताना रिक्षात निकेशने विचारलं, “बाबा, कुठं जायचंय का तुम्हाला? काय बघायचंय?”

पुंडलिक बाहेर बघत म्हणाला, “मिठागर बगायचं व्हतं रं बाला एकदा. पांढरं. राशी लागलेल्या.” आणि आपणच हसला. “जाव दे. काय पण म्हातारा बोलतंय.”

निकेशने तिथेच मनात ठरवलं. मिठागर उभं करायचं आणि बापाची नजर आहे तोवर त्याला दाखवायचं. खाडीतलं नाही तर निदान आपल्या हाताने केलेलं. दोन रस्ते त्याच्याकडे होतेच. कुठला धरायचा, एवढंच.

रात्रीचं जेवण झाल्यावर त्याने बायकोला सांगितलं. पूजा मिठागरवाल्यांच्याच घरातली, जवळच्याच गावची. ती भांडी आवरताआवरता म्हणाली, “मग मॉडेल कर ना. पाटाएवढं. बाबा उन्हात घेऊन बसतील, हातात धरतील, जवळ नेऊन बघतील. मिथुनदादा छापून देतील.”

“मॉडेल मेलेलं असतं गो,” निकेश म्हणाला. “त्यात पाणी नाय, ऊन नाय. गेममध्ये भरती येईल, उघाडी उघडेल, पाणी हळूहळू आटेल, मीठ धरेल. बाबा स्वतः फावडं मारतील.”

“बाबांनी टीव्ही बघायचा सोडलाय, डोळ्यांना टोचतो म्हणून. आणि ते गेम खेळतील?”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

झालं. पूजा भांडी उचलून आत गेली. आता तुम्ही म्हणाल, बाईचं म्हणणं तर सरळ होतं. सरळच होतं. मॉडेल पंधरा दिवसांत झालं असतं. पण माणूस दुसऱ्यासाठी म्हणून काहीतरी करायला बसतो आणि हळूच स्वतःच्या आवडीचं करतो, हे काय आजचं आहे? निकेशचा बापावर जीव होता, त्यात तसूभर खोट नाही. त्याला फक्त गेम बनवायचा होता.

त्याने सुरुवात केली. गाडीत मोबाईलवर लिहायचं, घरी आल्यावर लॅपटॉपवर चढवायचं. आधी खाडी झाली. मग बांध. मग वाफे, एकातून दुसऱ्यात पाणी सोडायचं गणित, उन्हाने पाणी आटण्याचं गणित. मग फावडेवाला माणूस: आठ ठिपक्यांचा, खांद्यावर फावडं, डोक्याला लाल फडका. पुंडलिक मिठागरात कायम लाल फडका बांधायचा. तो फडका दोनच ठिपक्यांचा होता, पण निकेशने तो माणूस चालताना वाऱ्यावर हलवला. ते जमलं त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले होते. तेवढंच जरी त्या दिवशी बापाला दाखवलं असतं! पण नाही. अजून बगळे व्हायचे होते. होडी व्हायची होती. मीठ धरताना कसा आवाज करावा, ह्यावर तर तो निडीच्या पुढेमागे कितीतरी दिवस डोकं खाजवत होता.

बांधाला खांड पडणंही त्याने गेममध्ये घातलं. भरती पुरी चढायच्या आत बुजवली तर ठीक, नाहीतर सगळं मिठागर पाण्याखाली. हरल्यावर पडद्यावर काहीतरी लिहावं लागतं. काय लिहायचं? ‘गेलं’ लिहायला त्याचा हात धजेना. शेवटी त्याने एकेक ठिपका मांडून अक्षरं काढली: ‘उद्या ये’.

उन्हाळा सरला. पुंडलिक पारावर जायचा बंद झाला. “गुडघं दुखतान,” म्हणाला. जेवायला बसला की ताटातल्या वाट्या आधी बोटांनी चाचपायचा. पूजाने चहा आणला की ती दोन शब्द बोलेपर्यंत हात पुढे करायचा नाही. निकेश शिफ्टवरून यायचा, बापाच्या पायाशी बसून सांगायचा, “बाबा, आज पाणी हलवलं. खरंखुरं वाटतंय.” म्हातारा मान डोलवायचा. “कर, कर. सावकाश कर. माझं डोलं कुठं पलून चाललेत?”

गणपती झाल्यावर पूजाचा सूर बदलला. “आटप ना आता. आहे तेवढं दाखव.” दोन दिवसांनी पुन्हा, “दाखवतोस ना आज?” निकेश चिडायचा. “अर्धवट दाखवू? घाई काय आहे तुला? डॉक्टर बोलल्यात, औषध चालू असलं की टिकतं.” पूजा काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि पदराने हात पुसत आत निघून जायची.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी गेम पुरा झाला. निकेशने नवा सदरा घातला. बापाला ओट्यावर बसवलं, लॅपटॉप त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला, झाकण नीट कोनात लावलं. टिंगटिंग करत सकाळ झाली, बगळे उठले, उघाडीतून पाणी खळखळलं.

पुंडलिक पुढे वाकला. चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला. “आयला! पानी येतंय की रं!”

“बघा ना बाबा! आणि तो कोण आहे?”

“कोण म्हंजे?” म्हातारा हसला. “मना वलखू नाय येत व्हय?” आणि प्रेमाने त्याने लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला. लहान पोराला घेतात तसा. झाकण हललं. चित्र गेलं.

पडदा काळाकुट्ट झाला. आवाज तेवढा चालू होता, पाण्याचा, बगळ्यांचा. निकेश हात पुढे करून सांगणार, थांबा बाबा, नीट करतो, तेवढ्यात पुंडलिक बोलला.

“बगला कसला शोभतोय! न् मीठ बग, पांढरं फेक. अगदी तसंच रं बाला. अगदी तसंच केलंस.”

निकेशचा हात तसाच राहिला. बाप त्या काळ्या पडद्याकडे बघून हसत होता. बोट पुढे करून काहीतरी दाखवत होता, आणि तिथे काहीच नव्हतं. पूजा दारात उभी होती. निकेशने तिच्याकडे पाहिलं आणि तिने मान खाली घातली.

“झ्याक झालंय,” पुंडलिक म्हणत होता. “अख्ख्या पेनमदी कुनी असलं केलं नसंल.”

निकेशने लॅपटॉप काढून घेतला. “हो बाबा,” म्हणत त्याने तो मिटला.

मागच्या परसात पूजाने सगळं सांगितलं. गणपतीच्या आसपास उरलंसुरलं दिसायचं बंद झालं होतं. पुंडलिकने तिला स्वयंपाकघरात बसवून शपथ घातली होती. “त्याला बोलू नको गो. तो बांध घालतंय. बांध घालणाऱ्याला असं काय सांगायचं नसतंय.” ती रडायला लागली. “मी किती वेळा सांगितलं, आटप म्हणून. अजून काय करायचं होतं मी? सासऱ्याची शपथ मोडायची होती?”

निकेशला तिचा रागही धड करता येईना. राग यायचा तो स्वतःचाच, आणि तोही कुठे काढायचा? त्या दिवशी तो खाडीकडे गेला आणि फुटक्या बांधावर बसून राहिला. समोर सगळी तिवरं. गुढीपाडव्यापासून दिवाळीपर्यंत आपण बगळे हलवत बसलो, आणि घरात बाप चाचपडत चहाचा कप शोधत होता, हे काही केल्या त्याच्या मनातून जाईना. आणि तरी बाप म्हणाला, झ्याक झालंय. हेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो पेणला मिथुनकडे गेला. मिथुन मुकुटाचा साचा घासत होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो साचा बाजूला ठेवून म्हणाला, “तू लिहून आण. मी छापतो. पहिल्यांदाच लिहिलं असतंस तर,” आणि तिथेच त्याने जीभ चावली. निकेशने मान हलवली. खरं तेच तर बोलला होता.

आता कोडमध्ये बगळे नव्हते, ऊन नव्हतं. बांध, उघाडी, वाफे, मिठाच्या राशी. एवढी उंची, एवढी लांबी, ह्यातून हे वजा कर. बोटाला लागेल एवढा बांधाला उठाव दिला. बांध त्याने सगळीकडून अखंड ठेवला. मार्गशीर्ष लागायच्या आत मॉडेल तयार झालं. मिथुनने तुकड्यातुकड्यांनी छापलं, जोडलं, घासून गुळगुळीत केलं. हा असा वेग! निकेश ते पिशवीत घालून घरी घेऊन आला.

कोवळं ऊन ओट्यावर आलं होतं. त्याने पाट बापाच्या मांडीवर ठेवला आणि त्यावर मिठागर.

“काय हाय?” पुंडलिकने विचारलं.

“हात लावा.”

म्हाताऱ्याची बोटं कडेवरून आत सरकली. पहिल्यांदा उघाडी सापडली. तो थांबला. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला. “ही उघाडी. मंग हा मोठा वाफा. हा आज्याचा. हा आमचा.” राशींवर तळवा फिरवला. “लागल्यात की रं राशी!” तो खुदकन हसला. इतकी वर्षं ह्या घरात राहून बाप असा हसलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

मग बोटं बांधावर चढली. बांधावरून चालत चालत उघाडीच्या पलीकडे आली आणि थांबली. मागे गेली. पुन्हा तिथेच आली.

“हितं खांड व्हती.”

“हो बाबा.”

“तू बुजवलीस व्हय?”

“हो.”

“आमाला नाय जमलं,” पुंडलिक म्हणाला. बोट तिथेच घासत राहिला. जरा वेळाने वाफ्यांमधून पुन्हा हात फिरवला, काहीतरी शोधल्यासारखा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. “ह्यात मानूस कोन नाय?”

निकेशकडून घाईघाईत माणूस करायचा राहूनच गेला होता. “माणूस त्या खेळात होता, बाबा. खांद्यावर फावडं, डोक्याला लाल फडका. फडका वाऱ्यावर हलायचा.”

“लाल?”

“लाल. तुमचाच.”

पुंडलिकचे हात वाफ्यांवर पडून राहिले. उन्हात डोळे उघडेच होते, पापणीही हलत नव्हती. निकेश वाट बघत होता, की आता म्हातारा म्हणेल, व्हय व्हय, बगितला मी, झ्याक केला व्हतास.

“तो मी नाय बगितला रं,” पुंडलिक म्हणाला. “तू मना एवढा मनापासून काढलास, न् मी नाय बगितला. लय बगायचा व्हता.” त्याने चाचपत निकेशचा हात शोधला आणि घट्ट धरला. “गेली रं बाला. नजर गेली. मिठागर बी गेलं. कदीचंच गेलं.”

निकेशला म्हणता आलं असतं, असं बोलू नका बाबा, काही गेलं नाही. अशा वेळी सगळे तेच म्हणतात. पण हा शब्द म्हाताऱ्याने एवढी वर्षं दाताखाली धरून ठेवला होता, भरतीत, उधाणात, मालक फिरकले नाहीत तेव्हा, आणि ह्या घरात गुढीपाडव्यापासून एकट्याने, केवळ लेकाचे हात गळू नयेत म्हणून. आता तो बोलला होता. त्याला परत गिळायला लावायचं, एवढा निकेश निर्दय नव्हता.

“हो बाबा,” तो म्हणाला. “गेलं.”

पूजा चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवले आणि ती त्या दोघांच्या बाजूला बसली. मिठागर मांडीवर तसंच होतं. तिघंही सकाळच्या उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्याची पर्वा न करता, रडत बसले.